रिकार्डो 'फिनितो' लोपेझ : एकही पराभव नसलेल्या कारकिर्दीचे मोल कसे ठरवावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी मुष्टियुद्धाचा सराव करतो आहे. माझे वजन 49 किलोच्या आसपास असल्यामुळे हलक्या वजनगटांतील जुन्या लढती शोधून पाहण्याची सवय मला लागली. त्याच शोधात मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेझचे नाव समोर आले. व्यावसायिक कारकिर्दीत 52 लढती, 51 विजय, एक बरोबरी आणि पराभव एकही नाही. शिवाय त्या 51 विजयांपैकी 38 नॉकआउटने मिळवलेले. हेवीवेट जगज्जेत्या रॉकी मार्सियानोच्या 49 अपराजित लढतींविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, मग या माणसाचे नाव माझ्या कानावर इतक्या उशिरा का यावे, हे मला कळत नाही.

आमच्या प्रशिक्षकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्या गटात त्या काळी होतेच कोण?" त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, पण या उत्तराने समाधान झाले नाही. लोपेझचे प्रतिस्पर्धी खरोखरच दुबळे होते का? आणि माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या खेळाडूने त्याच्याकडून नेमके काय उचलावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

प्रश्न चांगला आहे. कारकिर्दीचा क्रम डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही, म्हणून आधी तो लिहितो.

लोपेझ मूळचा मोरेलोस राज्यातील कुएर्नावाका शहराचा. 1985 साली तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला आणि मेक्सिको सिटीतील नामांकित प्रशिक्षक इग्नासियो 'नाचो' बेरिस्ताइन यांच्या हाताखाली घडला. 'फिनितो' या टोपणनावाचा अर्थ पुष्कळांना 'संपवणारा' असा वाटतो, पण तो तसा नाही. स्पॅनिश भाषेत 'फिनो' म्हणजे नाजूक, तलम, सुबक. 'फिनितो' हे त्याचेच लाडिक रूप. त्याची एखादी लढत पाहिली की हे नाव त्याला का चिकटले असावे, हे सांगावे लागत नाही.

तो ज्या गटात लढला तो स्ट्रॉवेट गट, म्हणजे 105 पौंडांची, आपल्या हिशेबाने 47.6 किलोंची मर्यादा. व्यावसायिक मुष्टियुद्धातील हा सर्वांत हलका गट, आणि तो सुरू झाला 1987 साली. 25 ऑक्टोबर 1990 रोजी लोपेझ टोकियोला गेला आणि जपानच्या हिदेयुकी ओहाशीला त्याच्याच प्रेक्षकांसमोर पाचव्या फेरीत हरवून त्याने डब्ल्यूबीसीचे जगज्जेतेपद मिळवले (जगज्जेतेपद देणाऱ्या चार प्रमुख संघटनांपैकी ही एक; बाकीच्या तीन डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ आणि आयबीएफ). हा ओहाशी पुढे 1992 मध्ये डब्ल्यूबीएचा जगज्जेता झाला, आणि आज ज्याच्या नावाचा सर्वत्र बोलबाला आहे तो जपानी मुष्टियोद्धा नाओया इनोउए याच ओहाशीच्या व्यायामशाळेत तयार झाला. तेव्हा लोपेझने ज्याच्याकडून पट्टा घेतला तो माणूस किरकोळ नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे.

त्यानंतर आठ वर्षे त्याने ते पद राखले. सुरुवातीच्या लढतींसाठी त्याला जपान आणि दक्षिण कोरियात जावे लागले, कारण या गटातील प्रेक्षक आणि पैसा तेव्हा आशियात होता. डब्ल्यूबीसीचे पद त्याने 21 वेळा यशस्वीरीत्या राखले. ऑगस्ट 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पोर्तो रिकोच्या अ‍ॅलेक्स सांचेझला पाचव्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीओचा पट्टाही मिळवला. 1999 मध्ये तो 108 पौंडांच्या लाइट फ्लायवेट गटात गेला, विल ग्रिग्सबीला गुणांवर हरवून आयबीएफचा जगज्जेता झाला आणि 2001 मध्ये पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच शेवटची लढत लढला. 2002 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. 2010 साली कॅनास्टोटा येथील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरवदालनात त्याचा समावेश झाला.

रोसेंदो अल्वारेझबरोबरच्या दोन लढती मी मुद्दाम वगळल्या आहेत. त्यांविषयी कोणीतरी स्वतंत्रपणे लिहावे.

प्रतिसाद २

काय उचलावे, या प्रश्नापुरते लिहितो. मी मुलांना शिकवतो आणि गेली कित्येक वर्षे नव्या मुलांना पहिल्या महिन्यात लोपेझच्याच लढती दाखवतो, कारण त्याच्या खेळात निस्तरावी लागेल अशी एकही वाईट सवय नाही.

त्याची उंची सुमारे 165 सेंटिमीटर. 47.6 किलोंच्या गटात ही उंची मोठीच म्हणायची, पण उंच खेळाडू जसा दुरून नुसता जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत राहतो तसा तो राहत नसे. दोन्ही हात गालांपाशी, हनुवटी खाली, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, आणि पाय कधीही एकमेकांना ओलांडत नाहीत. ठोसा मारून झाला की हात गालाकडे परत येतो तो त्याच रेषेत, खाली न झुकता. आमच्या मुलांपैकी दहातल्या आठांचा हात परत येताना छातीपर्यंत घसरतो आणि तेवढ्या क्षणात समोरच्याचा ठोसा बसतो.

त्याचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) एकदा नव्हे, दोनदा पाहावा. पहिला हुक यकृतावर, म्हणजे समोरच्याच्या उजव्या बरगड्यांच्या खाली. तो बसताच समोरच्याचे उजवे कोपर आपसूक खाली येते आणि जबड्याची बाजू उघडी पडते. त्याच डाव्या हाताने, मध्ये उजवा हात न वापरता, दुसरा हुक थेट तिथे. हे करायचे तर पहिल्या ठोशानंतर वजन पुन्हा डाव्या पायावर यावे लागते, नाहीतर दुसऱ्या हुकमध्ये नुसता हात उरतो, जोर उरत नाही. लोपेझचा डावा गुडघा या दोन ठोशांच्या मध्ये किंचित वाकतो. चित्रफीत सावकाश करून फक्त तो गुडघा पाहा. मला स्वतःला तो दिसायला दोन वर्षे लागली, आणि दिसल्यावर माझी शिकवण्याची पद्धतच बदलली.

उजव्या हाताचा अपरकटही (खालून वर मारलेला ठोसा) तसाच. सामान्यतः अपरकट जवळून मारतात, कारण दुरून मारताना हात खाली न्यावा लागतो आणि तोंड उघडे पडते. लोपेझ तो मध्यम अंतरावरून, जॅबच्या पाठोपाठ मारत असे. जॅबने समोरच्याची नजर आणि गार्ड (बचावासाठी धरलेले हात) वर खेचला जातो आणि त्याच क्षणी दोन हातांच्या मधून अपरकट वर येतो. मात्र, नवशिक्यांनी याची नक्कल करू नये. आधी जॅब त्याच्यासारखा होऊ द्यावा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो, कारण अपराजित राहण्याचे मोल कोणाशी लढलो यावरून ठरते, आणि या बाबतीत प्रश्नकर्त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

1990 च्या दशकात लोपेझच्या वर अवघ्या तीन पौंडांवर, म्हणजे दीड किलोपेक्षाही कमी अंतरावर, 108 पौंडांच्या गटात इतिहास घडत होता. मेक्सिकोचाच उंबेर्तो 'चिकिता' गोन्झालेझ आणि सोल ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेता अमेरिकेचा मायकेल कार्बाहाल यांच्यात 1993 आणि 1994 मध्ये तीन लढती झाल्या. पहिल्या लढतीत कार्बाहाल दोनदा खाली पडूनही उठला आणि सातव्या फेरीत त्याने गोन्झालेझला नॉकआउट केले. पुढच्या दोन्ही लढती गोन्झालेझने गुणांवर जिंकल्या. त्या गटात दहा लाख डॉलरांचे मानधन प्रथमच याच लढतींमुळे दिले गेले. लोपेझ तेव्हा ऐन भरात होता. तो दीड किलोने वर गेला असता तर या दोघांपैकी एकाशी तरी त्याची गाठ पडली असती आणि आज हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती. तो वर गेला 1999 मध्ये, जेव्हा गोन्झालेझ कधीच निवृत्त झाला होता.

लोपेझ महान होता, याबद्दल मला शंका नाही. 21 वेळा पद राखले, हा आकडा मात्र प्रत्येक वेळी आदराने उच्चारण्याआधी त्यातील काही नावे नीट तपासावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधील खंत मलाही आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

एक तर गोन्झालेझही बेरिस्ताइन यांच्याच तालमीतला. एकाच उस्तादाच्या दोन पठ्ठ्यांची कुस्ती लावायला आपल्याकडे वस्ताद जसा सहसा तयार होत नाही, तसेच तिथेही होते. ही लढत झाली नाही म्हणून एकट्या लोपेझला जबाबदार धरणे योग्य नाही.

दुसरे म्हणजे, अप्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर तो आहे. जुलै 1993 मध्ये लोपेझने थायलंडच्या सामान सोरजातुरोंगला दुसऱ्या फेरीतच थांबवले. त्या दिवशी सामान हा त्या 'नीट तपासावीत' अशा नावांपैकीच एक होता. दोन वर्षांनी, जुलै 1995 मध्ये, याच सामानने 108 पौंडांच्या गटात गोन्झालेझला सातव्या फेरीत हरवून त्याचे पट्टे घेतले आणि त्यांतला डब्ल्यूबीसीचा पट्टा पुढे अनेक वर्षे राखला. गोन्झालेझची ती शेवटची लढत ठरली. अमक्याने तमक्याला हरवले म्हणून तो श्रेष्ठ, असा सरळ हिशेब मुष्टियुद्धात चालत नाही, हे मला मान्य आहे. पण लोपेझसमोर आलेली माणसे दुबळी होती, हे म्हणणे तरी यानंतर सोडून द्यावे लागते.

तीच गोष्ट लोपेझच्या शेवटच्या दोन लढतींची. लोपेझ डब्ल्यूबीसीचा जगज्जेता असताना त्याच गटात आयबीएफचे पद वर्षानुवर्षे थायलंडच्या रतनापोल सोर वोरापिनकडे होते, आणि 1997 च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेच्या झोलानी पेटेलोने त्याच्याकडून घेतले. म्हणजे त्या काळातले दुसरे दोन 'राजे' हेच. लोपेझने डिसेंबर 2000 मध्ये रतनापोलला तिसऱ्या फेरीत आणि सप्टेंबर 2001 मध्ये पेटेलोला आठव्या फेरीत नॉकआउट केले.

आता अल्वारेझविषयी, कारण माझ्या मते लोपेझची खरी किंमत तिथे कळते. निकाराग्वाचा रोसेंदो अल्वारेझ हा डब्ल्यूबीएचा अपराजित जगज्जेता. 7 मार्च 1998 रोजी मेक्सिको सिटीत दोघे समोरासमोर आले आणि दुसऱ्याच फेरीत लोपेझ खाली पडला, कारकिर्दीत प्रथमच. तेरा वर्षे ज्याला कोणी जमिनीवर पाहिले नव्हते तो स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांसमोर पडला. तो उठला, पण लढतीचा रंग पालटला होता. पुढे डोकी आदळून झालेल्या जखमेमुळे सातव्या फेरीनंतर लढत थांबवावी लागली आणि गुणपत्रिकांवर तांत्रिक बरोबरी जाहीर झाली. 51 विजयांशेजारी जी एक बरोबरी दिसते ती हीच.

त्या वेळी निवृत्त होणे सोपे होते. पट्टा हाती होता, पराभव झालेला नव्हता, पैसाही मिळाला होता. लोपेझने त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला लास व्हेगासमध्ये पुन्हा त्याच माणसाशी लढत घेतली. अल्वारेझ वजनमर्यादेत बसू शकला नाही, त्यामुळे त्याचे पद वजनकाट्यावरच गेले. म्हणजे लोपेझला आपल्यापेक्षा जड होऊन आलेल्या, आधी आपल्याला पाडलेल्या माणसाशी लढायचे होते. लढत रद्द करण्याचे कारण आयते मिळाले होते. तो लढला, 12 फेऱ्या लढला, आणि तीनपैकी दोन पंचांनी त्याला विजयी ठरवले. निसटता विजय होता, हे मी नाकारत नाही. पण ज्याला केवळ आकडा जपायचा असतो तो त्या दिवशी रिंगमध्ये उतरत नाही.

लोपेझचे नाव लोकांपर्यंत का पोहोचले नाही, याचे उत्तर मला आपल्या कुस्ती मैदानांत सापडते. हलक्या गटांच्या कुस्त्या दुपारी, उन्हात, अर्ध्या रिकाम्या मैदानात लागतात. गर्दी जमते ती संध्याकाळच्या मोठ्या कुस्तीला. शेवटच्या लढतीच्या दिवशीही मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील लोक मिडलवेट गटातील बर्नार्ड हॉपकिन्स आणि फेलिक्स त्रिनिदाद यांच्या लढतीसाठी आले होते. लोपेझची लढत त्याआधी होती.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

सामानचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. 21 या आकड्याविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. गोन्झालेझशी लढत व्हायला हवी होती, हे मात्र माझे मत कायम आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अल्वारेझबरोबरच्या दोन्ही लढती सलग पाहिल्या. पहिल्या लढतीतील ती दुसरी फेरी मी चार वेळा मागे घेऊन पाहिली. पडल्यानंतर उठून उभे राहताना त्याचे दोन्ही हात आधी गालांपाशी गेले.

आज सकाळी सरावाला गेलो तेव्हा बॅगवर दुहेरी हुकचा प्रयत्न केला. दुसऱ्या ठोशात खरोखरच नुसता हात उरतो. गुडघा कधी वाकवायचा, पहिला ठोसा लागताना की हात परत येताना?

प्रतिसाद २ (पुन्हा)

हात परत येताना. आणि महिनाभर बॅग सोडा, आरशासमोर करा. बॅगेचा आवाज ऐकू आला की सगळे लक्ष हाताकडे जाते. सावकाश, दर फेरीत वीस वेळा. उजवा हात गालावरून हलला तर ती वेळ मोजायची नाही.