मदत हवी आहे: सरीसृपांच्या तक्त्यात पक्षी कुठे दाखवावेत?

धंतोलीकर
शनिवारपर्यंत तक्ता पूर्ण करायचा आहे आणि मी एकाच ठिकाणी अडकलो आहे. साप-सरडे, कासवे, मगरी आणि न्यूझीलंडचा टुआटारा असे चार गण लिहून झाले. परंतु पक्षी याच फांदीवर काढावेत की वेगळे, याबाबत माझ्याजवळची दोन पुस्तके जुळत नाहीत. कृपया नेमके सांगावे.

महालकर
तक्ता कोणासाठी आहे, हे आधी कळवावे. इयत्तेवर बरेच अवलंबून आहे.

सर्पमित्र, मानेवाडा
सापसुरळीचे चित्र अवश्य काढा. तिला साप समजून मारतात, हे मी पावसाळ्यात दरवर्षी पाहतो. तिला चार आखूड पाय, मिटणाऱ्या पापण्या आणि कानाची छिद्रे असतात. सापाला पापण्या व कानाची छिद्रे नसतात. शिवाय घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, हेही लिहा.

प्रतापनगर_ताई
दादा, प्रश्न पक्ष्यांचा आहे. मगरीचे सर्वांत जवळचे हयात नातलग पाली-सरडे नसून पक्षी आहेत, आणि मगरीच्या हृदयालाही पक्ष्यांप्रमाणे चार कप्पे असतात. म्हणून मगर आत ठेवून पक्षी बाहेर काढले, तर एकाच पूर्वजाचे कुटुंब अर्धवट तुटते. पक्षी त्याच फांदीवर काढा.

महालकर
ताई, दहावीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत असे लिहिले, तर त्याचे गुण जातील. कोरडी, खवल्यांची त्वचा आणि बाहेरच्या तापमानानुसार बदलणारे शरीराचे तापमान हे सरीसृप. पिसे आणि स्थिर तापमान हे पक्षी. शालेय वर्गीकरण असेच शिकवते आणि ओळख पटवण्यासाठी ते उपयोगाचे आहे.

प्रतापनगर_ताई
ओळख पटवणे वेगळे आणि नाते सांगणे वेगळे. आमच्या ट्यूबलाइटमागे पालीचे अंडे सापडले होते. वाटाण्याहून थोडे मोठे, पांढरे, खडूसारखे टणक. कोंबडीच्या अंड्याप्रमाणेच त्यातही गर्भाभोवती पाण्याची पिशवी असते, म्हणून पालीला बेडकासारखे पाण्यात अंडी घालावी लागत नाहीत. मुलांना हे साम्य दाखवायला नको का?

धंतोलीकर
सांगायचे राहिले, क्षमस्व: तक्ता वस्तीतील वाचनालयासाठी आहे, परीक्षेसाठी नाही, येणारी मुले मात्र नववी-दहावीची आहेत. पक्षी मगरीशेजारी काढून, "शालेय पुस्तकात हा स्वतंत्र वर्ग आहे" अशी ओळ खाली लिहितो. कासवांची फांदी कुठून काढावी?

प्रतापनगर_ताई
कासवाच्या कवटीत कानशिलाजवळची छिद्रे नसतात, म्हणून पूर्वी त्याला सर्वांत जुन्या शाखेत ठेवत. जनुकांच्या अभ्यासातून मात्र ते मगरी आणि पक्ष्यांच्या जवळचे ठरले आहे. त्या दोघांची फांदी फुटण्याच्या थोडे आधी कासवाची काढा.