मदत हवी आहे: एचआयव्ही असताना ओपिऑइडची (अफूच्या जातीच्या औषधाची) गोळी चालू ठेवावी का?

माझा धाकटा भाऊ एचआयव्ही बाधित आहे. पूर्वी हेरॉइनची सुई घ्यायचा, आता बुप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे हेरॉइनऐवजी उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या ओपिऑइडवर. रोज सकाळी गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं गप्प बसतो. ती दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात, कारण सुई सुटली ती तिच्यामुळेच.

एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नियमित आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) मात्र ३१० च्या आसपास अडकलाय. त्यात नात्यातल्या एकांनी सांगितलं, "ही पण ओपिऑइडच, प्रतिकारशक्ती खाते, बंद करा." तेव्हापासून भाऊ बिथरलाय.

मी वाचलं ते असं: टी पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही ओपिऑइडचे रिसेप्टर (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात. प्रयोगशाळेत मॉर्फिन (हेही ओपिऑइडच) दिलं की मॅक्रोफेजवर सीसीआर५ नावाचं प्रथिन वाढतं, म्हणजे विषाणूला आत शिरायची दारंच वाढतात. शिवाय विषाणूला अडवणारं इंटरफेरॉन कमी होतं. मॉर्फिनने आतड्याचं अस्तरही सैल पडतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात.

पण हे बरंचसं पेशींवर आणि प्राण्यांवर पाहिलेलं. बुप्रेनॉर्फिन तर रिसेप्टरला अर्धवटच चालना देतं. मग तेच नियम त्याला लागू होतात का? उपचार घेणाऱ्या माणसांत सीडी४ वर खरंच फरक दिसतो का? की एआरटी उशिरा सुरू झाली, हेच कारण असेल?

गोळी आम्ही बंद केलेली नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणारही नाही. पुढच्या भेटीत त्यांना नेमकं काय विचारू? या क्षेत्रातल्या किंवा यातून गेलेल्या कुणीतरी कृपया सांगा.