परसातल्या ग्राउंडहॉगचे अनुभव लिहा

वालपापडी, न्यू जर्सी : वालाचे वेल कमरेएवढे झाले होते. एका सकाळी बघते तर नुसते देठ! शेडखाली ग्राउंडहॉगचं (मांजराएवढा, बिळात राहणारा कुरतडणारा प्राणी) बीळ निघालं. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, म्हणजे ते पुढचं दार. मागच्या झुडपात आणखी एक भोक, तिथे मातीचा कणही नाही. ते आतून उकरतात म्हणे, संकटात गुडूप व्हायला. तुमच्याकडे काय काय झालं? उपायही सांगा, मारण्याचे सोडून.

चिंचोका, ओहायो : आमचा चक्क तुतीच्या झाडावर होता. बायकोला वाटलं बोका. खारीच्या कुळातलाच तो, चार-पाच किलोंचा असला म्हणून काय झालं! मी जवळ गेलो तर कर्कश शीळ घातली. इथले जुने लोक त्याला 'शिट्टीवालं डुक्कर' का म्हणतात ते तेव्हा कळलं.

आज्जीची_मेथी, ओंटारिओ : मेथीसुद्धा सोडत नाही हो. त्याच्या आवडत्या लसूणघासाची भाऊबंद ना ती! जाळी फूटभर खोल पुरा आणि खालची कड बाहेरच्या अंगाला वळवा. वरची कड मात्र ढिलीच ठेवा, चढायला लागला की त्याच्यासकट वाकते. आमच्याकडे दोन उन्हाळे टिकलीय.

पेंगुळलेला, पेनसिल्व्हेनिया : २ फेब्रुवारीला इथल्या पंक्सटॉनी गावात ग्राउंडहॉग बघायला गर्दी जमते, १८८७ पासून. त्याला स्वतःची सावली दिसली तर म्हणे आणखी सहा आठवडे थंडी. मला आमच्या मागच्या बर्फातल्या पाऊलखुणा जास्त आवडतात. एका बिळातून निघून दुसऱ्यापर्यंत, आणि परत. एरवी एकेकटे राहणारे हे नर तेव्हा माद्या कुठे आहेत ते बघून येतात आणि पुन्हा झोपतात. जोड्या जमतात मार्चमध्ये, पुढे महिन्याभरात पिल्लं. झोप तरी कसली! अंग पाच अंशांच्या आसपास गार, काळीज मिनिटाला पाच-दहा ठोके. मध्येमध्ये जागे होतात, पण खात नाहीत. उन्हाळाभर साठवलेल्या चरबीवर सगळं चालतं. तुमचे वाल तिथेच गेले, वालपापडीताई.

भटकी, पुणे : परस नाही, पण लडाखमध्ये याचा हिमालयातला भाऊ पाहिलाय. तिकडे त्याला फिया म्हणतात, वसाहत करून राहतो. पर्यटक बिस्किटं चारत होते. कृपया चारू नका.

वालपापडी : आज्जी, जाळी लावली! तो गेला, पण रिकाम्या बिळात स्कंक (तो दुर्गंधी फवारणारा प्राणी) शिरलाय. स्कंकचा धागा आहे का कुठे?