ॲटलास ३५९१: धडधाकट विमान खाली का दाबलं?

प्रश्न: २३ फेब्रुवारी २०१९. मायामीहून ह्यूस्टनला चाललेलं ॲटलास एअर कंपनीचं मालवाहू बोईंग ७६७ (फ्लाइट ३५९१) टेक्सासच्या ट्रिनिटी बेमध्ये कोसळलं, तिघेही गेले. विमानात बिघाड नव्हता म्हणे. मग?

विमानवेडा: उतरताना, सहा हजार फुटांच्या आसपास, चुकून बटण दाबलं जाऊन गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा मोड) सुरू झालं. इंजिनांनी जोर धरला की पाठ सीटला चिकटते आणि ढगात वाटतं, नाक वर चाललंय. म्हणून को-पायलटने नाक खाली करायला कंट्रोलचा दांडा पुढे रेटला. समोरचा उपकरणांचा पडदा खरं सांगत होता, पण बघतंय कोण!

प्रश्नकर्ता: आणि कॅप्टन?

विमानवेडा: जमिनीवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलशी बोलण्यात गुंतलेला. लक्षात येईपर्यंत उशीर झाला.

जुनाखोड: को-पायलट आधीच्या नोकऱ्यांतल्या ट्रेनिंगमध्ये नापास झाला होता, ते त्याने लपवलं. एनटीएसबीचा (अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेचा) अहवाल वाचा. माझा राग तिथे आहे, बटणावर नाही.