शब्दचर्चा : 'आउटलॉ'ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

१९३८च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'चे (एरल फ्लिन, ऑलिव्हिया डी हॅविलंड) कथासार मराठीत लिहायचे आहे. राजपुत्र जॉन नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात मेजवानी झोडत बसलेला असतो. रॉबिन खांद्यावर मेलेले हरीण घेऊन आत येतो आणि ते सरळ मेजावर आपटतो. पुढे हाणामारी होते, रॉबिन निसटतो आणि जॉन त्याला आउटलॉ ठरवतो. इथे 'दरोडेखोर' चालेल का? शेरीफ आणि फ्रायर यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद

दरोडेखोर नको. एक तर आपल्याकडे दरोडा या शब्दाला कायद्याने माप लावून दिले आहे : पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. चौघांनी केली तर ती जबरी चोरीच राहते. दुसरे म्हणजे, त्या प्रसंगापर्यंत रॉबिनने कोणालाही लुटलेले नाही. लूटमार शेरवुडच्या जंगलात गेल्यावर सुरू होते. दरोडेखोर हा शब्द माणसाने काय केले ते सांगतो, आउटलॉ हा शब्द त्याचे काय केले गेले ते सांगतो. कायद्याने त्याच्यावरचे छत्र काढून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द जुन्या नॉर्समधल्या 'उतलागी'वरून इंग्रजीत आला. बोलावूनही न्यायासनापुढे न येणाऱ्याला हा शिक्का बसे. परगण्याच्या कचेरीत लागोपाठ पाच बैठकांना नाव पुकारायचे आणि पाचव्यांदाही आला नाही की तो कायद्याबाहेर. बैठका साधारण चार आठवड्यांनी भरत, म्हणजे या कामाला काही महिने जात. जॉन ते एका वाक्यात उरकतो, ही सिनेमाची सोय. शिक्का बसलेल्याची चीजवस्तू राजाकडे जमा होई. अशा माणसाला 'लांडग्याचे डोके' म्हणत : लांडगा दिसला की मारावा, तसा.

गंमत म्हणजे बाईला आउटलॉ करता येत नसे. तिला मुळात कायद्याच्या शपथेत घेतलेलेच नसल्यामुळे तिच्यासाठी 'वेव्ह' असे वेगळे क्रियापद होते, म्हणजे टाकून दिलेली.

प्रतिसाद

मग 'फरारी' का नको? आपल्याकडेही न्यायालय जाहीरनामा काढते, हजर व्हायला किमान ३० दिवस देते, नाही आला तर मालमत्तेवर टाच.

उपप्रतिसाद

पद्धत जवळची आहे, पण फरारी माणसाला कायद्याचे संरक्षण उरतेच. त्याला कोणी मारले तर तो खूनच. 'तडीपार' तर त्याहून लांबचा : ठरलेल्या मुदतीपुरते हद्दीबाहेर राहायचे, बाकी सगळे हक्क शाबूत. 'वाळीत टाकलेला' यात संरक्षण काढून घेण्याचा भाव बरोबर येतो, पण तिथे टाकणारी जात असते, राजा नव्हे. 'बागी' घेतला की वाचक चंबळच्या घळीत जाऊन पोहोचतो.

माझे मत 'पुंड'ला. पुंडपाळेगार, पुंडाई, पुंडावा असा गोतावळा तयार आहे, आणि सत्तेला न जुमानणारा हा अर्थ त्यात मुरलेला आहे. तेवढी कायदेशीर छटा निसटते. म्हणून किल्ल्यातल्या प्रसंगात 'कायद्याबाहेर काढले' असे उलगडून लिहा आणि शेरवुडमध्ये गेल्यावर बिनधास्त पुंड म्हणा. 'विधिबाह्यित' वगैरे टांकसाळी शब्द कृपया नकोत.

प्रतिसाद

शेरीफसाठी 'नगरपाल' मोहात पाडेल, कारण मुंबईच्या शेरीफला मराठीत तेच म्हणतात. पण ते मानाचे पद. नॉटिंगहॅमचा शेरीफ म्हणजे शायरचा रीव्ह, परगण्यावरचा राजाचा माणूस : वसुली त्याची, कचेरी त्याची, धरपकडही त्याची. पेशवाईतला कमाविसदार याच्या बराच जवळ जातो.

फ्रायर म्हणजे गावचा पाद्री नव्हे, भिक्षा मागत हिंडणारा. 'भिक्षू' ठीक. मात्र कथा ११९०च्या दशकातली आणि असे भिक्षू इंग्लंडमध्ये आले १२२०च्या दशकात, तेव्हा रॉबिनच्या टोळीतले फ्रायर, टक महाराज, तीसेक वर्षे आधीच हजर आहेत. सिनेमातला रिचर्ड राजाही कथेत नंतर आलेला : रॉबिनवरच्या जुन्या लांबलचक पोवाड्यात राजाचे नाव एडवर्ड आहे आणि रॉबिन सरदार नाही, साधा स्वतंत्र माणूस आहे.

प्रतिसाद

'रॉबिन हूड' या विशेषनामाचे सामान्यनाम व्हायला सिनेमाची वाट पाहावी लागलेली नाही. १२६२च्या इंग्लंडमधल्या सरकारी नोंदीत एका फरारी माणसाच्या नावापुढे 'रोबेहोड' लावलेले सापडते. आपली वर्तमानपत्रे 'गरिबांचा रॉबिनहूड' लिहितात, त्याला साडेसातशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची!

'रॉबिनवूड' मात्र लिहू नका. हूड म्हणजे कुंची, जंगल नव्हे. आणि मराठीतल्या 'हूड पोरा'शी त्याचा काडीचा संबंध नाही, शोभत असला तरी.

प्रतिसाद

तिरंदाजीतही 'रॉबिनहूड' हा चालू शब्द आहे : निशाणात रुतलेल्या बाणाच्या शेपटातच दुसरा बाण घुसणे. सिनेमात सोन्याच्या बाणाच्या स्पर्धेत रॉबिन प्रतिस्पर्ध्याचा बाण उभा चिरतो, तिथून तो लोकांच्या डोळ्यांत बसला. भरीव लाकडी दांडीत तसे होणे अवघड. लाकडाचे रेषे टोकापर्यंत सरळ जात नाहीत, त्यामुळे चीर रेषेबरोबर बाजूला फुटते आणि ढलपी निघते. आजचे कार्बनचे किंवा ॲल्युमिनियमचे बाण पोकळ नळ्या असतात. मागची खाच फोडून टोक आत शिरते, नळी फाटते, दोन्ही बाण बाद. म्हणून 'रॉबिनहूड झाला' हे कौतुकापेक्षा हळहळीनेच जास्त म्हटले जाते. १८ मीटरच्या बंदिस्त स्पर्धेत एकाखाली एक तीन छोटी निशाणे लावून प्रत्येकावर एकच बाण मारायला लावतात, त्याने हे नुकसान बरेच टळते.

मूळ प्रश्नकर्ता

पुंड आणि कमाविसदार पक्के. शेवटी रिचर्ड सगळ्यांना माफी देतो, त्याला काही खास शब्द?

उपप्रतिसाद

आहे. कायद्यात परत घेण्याला जुन्या इंग्रजीत 'इनलॉ' करणे म्हणत. सासरच्या मंडळींशी त्याचा घोळ होईल, तेव्हा 'अभय दिले' एवढेच लिहा.