रात्री उसाला पाणी पाजताना कोणती विजेरी वापरावी?

प्रश्न

आमचे शेत राधानगरी तालुक्यात भोगावतीकाठी आहे. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रपाळीत मिळत असल्याने अंधारात उसाच्या सरीतून फिरावे लागते. घरात दोन मोठ्या सेलची जुनी पत्र्याची विजेरी आहे, परंतु तिचा उजेड लवकर पिवळा पडतो. दुसरी चार्जिंगची, प्लॅस्टिकची विजेरी काही महिने कपाटात पडून राहिल्यानंतर चार्जच होत नाही. जुन्या विजेरीत एलईडी बसवावा, की नवी घ्यावी?

उत्तर १

जुन्या बल्बमधील टंगस्टनची तार तापून उजेड देते आणि तिला मिळालेली बहुतांश ऊर्जा उष्णतेतच जाते. सेल थोडे उतरले, की तार कमी तापते व उजेड पिवळा होतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दोन नवे सेल मिळून तेवढे देतात खरे, पण वापर सुरू होताच दाब त्याखाली उतरतो, म्हणून दाब वाढवणारे सर्किट आत असलेलाच एलईडी बल्ब घ्यावा. तरीही एक उणीव राहील. जुना परावर्तक चहूबाजूंनी प्रकाश फेकणाऱ्या तारेसाठी घडवलेला असतो, तर एलईडीचा प्रकाश मुख्यतः पुढेच जातो. त्यामुळे लांबचा झोत पूर्वीसारखा एकवटणार नाही. पायापुरता उजेड मात्र चांगला मिळेल, आणि सरीत घोणस दिसण्यासाठी माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे.

उत्तर २

प्लॅस्टिकच्या विजेरीत बहुधा ४ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असावी. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की आतील पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि ती चार्ज घेत नाही. अशी बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवावी व अधूनमधून पुन्हा चार्ज करावी. लिथियम बॅटरीचे नेमके उलट आहे: ती दीर्घकाळ ठेवायची असल्यास निम्म्याच्या आसपास चार्ज असलेली बरी.

नवी घेणारच असाल, तर धातूची आणि १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिमी व्यासाचा व ६५ मिमी लांबीचा, सेल बदलता येणारी घ्यावी. एलईडीची उष्णता मागे विजेरीच्या अंगात उतरते व धातू ती बाहेर टाकतो. आपल्याकडच्या पावसासाठी आयपीएक्स७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा पाहावा. त्यात एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची चाचणी असते. आयपीएक्स४ केवळ शिंतोड्यांपुरता आहे. खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेड मोजण्याच्या एककाच्या, अवाढव्य आकड्यांना भुलू नये.

उत्तर ३

जुनी विजेरी टाकू नये, घरात ती उपयोगी पडेल; फक्त वापरात नसताना सेल काढून ठेवावेत. साध्या सेलचे जस्ताचे भांडेच वापरात झिजत जाते व शेवटी गळते. तो चिकटा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, अल्कलाईन सेल गळला असल्यास लिंबाचा रस वापरावा, आणि दोन्ही वेळी हातमोजे घालावेत. स्प्रिंग कोरडी करून पॉलिश पेपरने हलकेच घासली, की लुकलुकणे बहुधा थांबते.