चंदेरी झाक सोल्युशन वाढवून जात नाही

स्केल मॉडेलवर लावलेलं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) सुकल्यावर त्याच्या कडेने चंदेरी झाक दिसते अशी तक्रार आहे, आणि त्यावर "सॉफ्टनर जास्त लावा" असा सल्लाही आलाय (सॉफ्टनर म्हणजे डेकल मऊ करणारं सोल्युशन). माझ्या मते खरी गोम रंगात आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. डेकलची पारदर्शक फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, खालच्या फटींत हवा अडकते आणि तीच चमकते. म्हणून डेकलआधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) हवाच, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. इथेच सगळ्यांना घाई होते!

डेकल बसवायच्या सोल्युशन्सपैकी मायक्रो सेट डेकलच्या खाली लावायचं, मायक्रो सॉल हे सॉफ्टनर वरून. हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो. सॉल लावल्यावर डेकल सुरकुततं, बघून पोटात गोळा येतो, पण तेव्हा बोटसुद्धा लावायचं नाही. फिल्म मऊ झालेली असते, हात लावलात की फाटलीच. सुकताना ती आपोआप पॅनल लाइनमध्ये (मॉडेलवरच्या कोरीव रेषांत) बसते.

आधीच झाक आली असेल तर बारीक सुईने त्या जागी टोचा आणि वर सॉलचा थेंब सोडा. बहुतेक वेळा जाते. मॅट वार्निश सगळ्यात शेवटी.